खालच्या फळीवरची

बाटली प्लास्टिकची आहे, हे भुपेंद्रला ती हातात घेतल्यावर कळलं. टीपॉयवर होती तोवर काचेची वाटत होती. अंगठा जरा दाबला तर तिचं अंग आत गेलं आणि सोडल्यावर टक् करून पुन्हा बाहेर आलं. आवाज तो केवढासा, पण तेवढ्याने सोफ्यावरची, खुर्च्यांवरची आणि दाराच्या चौकटीत उभी असलेली सगळी माणसं गप्प झाली. मुलीचं स्थळ पक्कं करायला आलेल्या पाहुण्यांनी मुलीच्या बापाच्या हातात दारूची बाटली ठेवावी, असं भंडाऱ्यात तरी कोणी ऐकलं नसेल. पण ठेवणारा माणूस भोळा होता. एकोडीचे भैयाजी, मुलाचे वडील. तलावाखाली धानाची शेती, खांद्यावर दुपट्टा, आणि आपण काहीतरी फार योग्य वस्तू आणली या आनंदाने फुललेला चेहरा. "घ्या जी," ते म्हणाले, "आमच्या मंगेशले कंपनीनं अमेरिकेले पाठवलं होतं, येतानी घेऊन आला. आमच्या घरी तं कोणी पेत नाही, दिवाळीच्या आंधीपासून कपाटात पडून होती. म्या म्हटलं, पेढे तं सारेच नेतेत. जानकाराच्या घरी जायचं तं जानकाराची वस्तू नेली पाहिजे का नाही?" पेढेही त्यांनी आणलेच होते, ते बाटलीच्या बाजूला खोक्यात बांधलेले होते. भुपेंद्रची बायको उर्वशी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात थबकली. तिचा धाकटा भाऊ गोपीचंद, ज्याने हे स्थळ आणलं होतं, तो मात्र खुर्चीत पुढे सरकला. "वा भैयाजी. आता भाऊजी, होऊनच जाऊ द्या. बसल्या जागी परीक्षा." सगळे हसले. भुपेंद्रही हसला, आणि आपण हसतो आहोत हे त्याला गालांच्या ताणावरून समजलं.

भुपेंद्र हायवेवर, लाखनीच्या अलीकडे, दारूच्या एका कारखान्यात ब्लेंडर होता. ब्लेंडर म्हटलं की नातलगांना चटणी वाटायचं यंत्र आठवायचं, म्हणून त्यांनी आपल्यापुरतं सोपं करून टाकलं होतं: आमच्या भुपेंद्रची नाकाची नोकरी आहे. ते काही खोटं नव्हतं. टेबलावर झाकलेले ग्लास मांडलेले असायचे, एकेकाचं झाकण काढून नाक लावायचं, तोंड किंचित उघडं ठेवून हवा आत घ्यायची, मग घोट जिभेवर फिरवून बेसिनमध्ये थुंकायचा. उभा जन्म दारूच्या वाफेत काढला, पण गिळली कधी नाही. हलवायाला मिठाईची असते तेवढीच त्याला तिची ओढ होती. पण या नाकाचा खरा लौकिक कारखान्याबाहेर होता. लग्न जमवताना लोक मुलाची शेती पाहतात, नोकरी पाहतात, घरात माणसं किती ते पाहतात, आणि मग सगळ्यांच्या मनात जो प्रश्न असतो तो शेजारीपाजारी हळूच विचारतात: पोरगा घेते काय? त्याचं खरं उत्तर शेजारी कधीच देत नाहीत. कोण कोणाचं लग्न मोडायला जाईल? म्हणून उर्वशीच्या माहेरच्यांनी आणि मग त्याच्या स्वतःच्या भावकीनेही एक युक्ती काढली. मुलगा पाहायला जाताना भुपेंद्रला सोबत न्यायचं. तो मुलाच्या बाजूला बसायचा, पंख्याच्या आवाजात ऐकू येणार नाही इतक्या हळू काहीतरी विचारायचा, मुलगा वाकून उत्तर द्यायचा, की झालं. वेलची, गुटखा, पेपरमिंट, काही चालायचं नाही. तोंड धुता येतं, कातडी धुता येत नाही. कालची दारू आज मानेच्या घामातून बोलते. परतताना गाडीत बायका त्याच्याकडे पाहायच्या आणि तो नुसता हूं म्हणायचा किंवा मान हलवायचा. एकदाच त्याला ड्युटीमुळे जाता आलं नाही, ते गोपीचंदच्या थोरल्या मुलीच्या वेळी. ती आता माहेरी असते आणि कोणाच्या लग्नाला जात नाही. तेव्हापासून गोपीचंद भुपेंद्रच्या नाकाला देवाच्या ठिकाणी मानायचा.

आणि ते नाक दिवाळीत गेलं. गेलं म्हणजे सर्दी झाली, चार दिवस नाक चोंदलं, मग मोकळं झालं, हवा व्यवस्थित आतबाहेर होऊ लागली, पण हवेबरोबर काही आलं नाही. आधी त्याला वाटलं येईल हळूहळू. एका सकाळी उर्वशीने नवीन चिन्नोर शिजायला ठेवला होता. चिन्नोर शिजतो तेव्हा शेजारच्या तीन घरांना कळतं, असा तो तांदूळ. भुपेंद्र स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून पेपर वाचत होता. उर्वशी वरून कपडे वाळत घालून धावत खाली आली. "अजी, भात लागला ना. बाजूले बसून आहा अन तुमाले समजलं नाही?" तो विचारात होतो म्हणाला. ती भाताच्या गंजाच्या करपलेल्या बुडाकडे पाहत राहिली आणि मग त्याच्याकडे. मग तिने स्वतःच ठरवून टाकलं की टीनाच्या लग्नाची काळजी लागली आहे माणसाला. त्याने ते तसंच राहू दिलं. कारखान्यात तर याहून सोपं निघालं. टेबलावर त्याच्यासोबत अंकुश बसायचा, वयाने लहान, चांगल्या नाकाचा. आवडलं नाही की अंकुशची डावी भुवई आधी हलते, हे भुपेंद्रच्या लक्षात आलं, आणि तो ग्लास नाकाशी धरून भुवईवर नजर ठेवू लागला. साऱ्या सॅम्पलांना तो आता अंकुशच्या भुवईने तपासत होता. माल बिघडला नाही. कोणाला काही कळलं नाही. आपल्यावाचून काही अडत नाही याचं वाईट वाटायला हवं होतं, तेही नीटसं वाटलं नाही. वाटण्याची जागाच कुठेतरी सुन्न पडल्यासारखी झाली होती. डॉक्टरकडे जायचं तर नागपूरला जायला हवं होतं, कारण भंडाऱ्यात दवाखान्यात बसलं की चार माणसं विचारतात, काय झालं जी. दर शनिवारी तो उद्या जाऊ म्हणायचा. घरात तो दोनदा आंघोळ करू लागला, कारण आपल्याला घाण येते की नाही हे आता त्याला दुसऱ्यांच्या तोंडावरूनच ओळखावं लागणार होतं, आणि जवळची माणसं असं तोंड करत नाहीत. जेवणात मीठ कळायचं, तिखट कळायचं, गोड कळायचं. बाकी नुसतं चावणं. उर्वशी शेजारी झोपलेली असायची, पण अंधारात ती कोण आहे हे सांगणारं जे काही होतं ते उरलं नव्हतं. हात लावला की अंग कोमट लागायचं, एवढंच. सगळ्यात विचित्र म्हणजे मागचंही पुसलं गेलं होतं. टीना जन्मली तेव्हा तिच्या टाळूला नाक लावून तो किती तरी वेळ उभा होता. ते उभं राहणं आठवायचं, खिडकी आठवायची, नर्सने रागावून काय म्हटलं तेही आठवायचं. टाळूचा वास मात्र आता नुसता शब्द होता. तो शब्द तो मनात म्हणून पाहायचा आणि काही व्हायचं नाही.

टीना आता नागपूरला बँकेत होती, शनिवारी घरी यायची. आज सकाळी ती त्याच्याजवळ येऊन बसली होती. मुलगा तिने दोनदा पाहिला होता, फोनवर बोललीही होती. "चांगला वाटला मले बाबा," ती म्हणाली, "पण चांगले तर सारेच वाटतात. तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हटलं तर हो." बोलताना ती बांगडी फिरवत होती. गोपीचंद मामाच्या मुलीचं नाव तिने घेतलं नाही. दोघी एका वर्गात शिकलेल्या. त्याचवेळी सांगून टाकायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात उर्वशीने आतून हाक मारली की खुर्च्या कमी पडतात, शेजारून आणा. आणि खुर्च्या आणता आणता त्याला एक हलका, नालायक दिलासा वाटला. पाहुणे आले तेव्हा सगळं नेहमीच्याच पद्धतीने झालं होतं. उर्वशीने मंगेशला बरोबर त्याच्या बाजूला, सोफ्यावर बसवलं होतं आणि जाता जाता डोळ्यांनी खूण केली होती. त्याने नेहमीप्रमाणे हळू आवाजात विचारलं, "रस्ता कसा होता?" मंगेश वाकला. गोरा, जरा सुटलेला, डोळ्यांखाली काळं. "लाखनीपाशी ट्रकची लाइन होती काकाजी, तिथंच उशीर झाला." शब्द कानात गेले. श्वास गालावर आला आणि गेला. भुपेंद्रने नाकाने हवा आत ओढली, छातीपर्यंत ओढली, आणि एका रिकाम्या खोलीत जाऊन आल्यासारखा परत आला. उर्वशी दारातून पाहत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो टीपॉयकडे पाहत राहिला, आणि नेमकं तेव्हाच भैयाजींनी पिशवीतून बाटली काढली.

तर आता बाटली त्याच्या हातात होती आणि माणसं वाट पाहत होती. उर्वशीने शोकेसमधला काचेचा छोटा ग्लास आणून ठेवला, जरा आपटूनच. हॉलमध्ये बाटली उघडायची हे तिला पटलेलं नव्हतं, पण नवऱ्याचं कौशल्य पाहुण्यांना दिसतं आहे हेही तिला नको नव्हतं. लेबलवर लाकडी पिंपाचं चित्र आणि इंग्रजीत बर्बन, म्हणजे अमेरिकेतली व्हिस्की. हे लेबल भुपेंद्र ओळखत होता. काही वर्षांपूर्वी मालकांच्या डोक्यात आलं होतं की आपणही बर्बनसारखा एक स्वस्त पव्वा काढावा, तेव्हा नमुन्याला म्हणून बाहेरच्या पाच-सहा बाटल्या आल्या होत्या, त्यांत ही होती. तिकडच्या दुकानांत ही सगळ्यात खाली ठेवतात, पायापाशी, गिऱ्हाइकाला वाकून घ्यावी लागते, असं आणणाऱ्याने सांगितलं होतं. त्याने झाकण फिरवलं. सीलची कडी तुटल्याचा आवाज व्हायला हवा होता, तो झाला नाही, झाकण मऊपणे फिरलं. बोटं क्षणभर थांबली. "कस्टमवाल्यांनी खोलून पाहिली होती," मंगेश म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं. भुपेंद्रने ग्लासात बोटभर ओतली, उजेडाकडे धरली. रंग तांबूस, बरा. ग्लास कलता करून फिरवला, कडेवरून ओघळ खाली उतरले, जरा घाईनेच. नाकाशी नेला, तोंड किंचित उघडं ठेवलं. नाकपुड्यांच्या कडांना बारीक टोचलं, थंडीत टोचतं तसं. त्यापलीकडे काही नाही. चमचाभर पाणी मागून घेतलं, टाकलं, पुन्हा नेला. पाणी घातलं की दारू मोकळी होऊन बोलते, असं तो अंकुशला शिकवत आला होता. ही बोलली नाही. घोट घेतला. जिभेच्या टोकाला गोड, बरंच गोड, मग जळजळ, मग घशाच्या तोंडाशी एक पातळ कडूपणा. समोर थुंकायला बेसिन नव्हतं. पाहुण्यांसमोर उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याने घोट गिळला. तो खाली जाताना छातीत एक गरम रेघ उमटली, आणि कित्येक दिवसांत आपल्या आत काहीतरी घडतं आहे असं त्याला पहिल्यांदा वाटलं. रेघ विझली.

"हं भाऊजी," गोपीचंद म्हणाला, "बोला."

बोलायला काहीतरी हवं होतं, आणि होतं. त्या जुन्या नमुन्याबद्दल आपण काय म्हटलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. इथे अंकुशची भुवई नव्हती, पण आपलंच जुनं नाक होतं. तो ग्लासाकडे पाहत बोलू लागला, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं तो विचार करून बोलतो आहे. "अमेरिकेचीच आहे. मक्याची. नवीन लाकडाचं पीप राहते, आतून जाळून घेतलेलं, त्याच्यात मुरवतेत. म्हणून सुरुवातीले जळल्या लाकडाचा वास येते. मागून मक्याच्या लाहीवानी गोड, जरा व्हॅनिला. शेवटी चटका बसते, नेलपॉलिशवानी, तो नसता तं बरं झालं असतं. पण घाईघाईत काढली का राहतेच. तिकडं हे खालच्या फळीवर ठेवतेत. गरिबाची दारू होय." भैयाजींचा चेहरा जरा उतरला, तसं त्याने सावरून घेतलं. "पण इमानदार आहे. आहे त्याच्यापेक्षा मोठी दाखवत नाही. चालते." भैयाजींनी मांडीवर थाप मारली. "पाहा. एका घोटात लाकूड कोणतं, पीप कसं, सारं सांगितलं. अन आमाले वाटे दारू म्हणजे दारू." गोपीचंदने तर सगळ्यांकडे असं पाहिलं, जसा काही घोट त्यानेच घेतला होता. भुपेंद्रच्या डाव्या बाजूला मंगेशचा गुडघा इतका वेळ हलत होता, सोफ्यातून ते कळत होतं. तो आता थांबला. भुपेंद्रने मान वळवली. मुलगा त्याच्याकडे टक लावून पाहत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

जेवणं झाली. वडा-भात, कोथिंबिरीची सांबार वडी, चिन्नोरचा भात. सगळ्यांनी तांदळाचं कौतुक केलं, भैयाजी म्हणाले भात ताटात पडायच्या आंधी दारातच भेटला. भुपेंद्र हो हो म्हणत चावत राहिला. हात धुवायला तो मागच्या अंगणातल्या नळाशी गेला, तर मंगेश पाठोपाठ आला आणि दार त्याने मागे ओढून घेतलं. नळ सोडला, पण हात खाली धरला नाही. "काकाजी," तो म्हणाला, "तुमचे उपकार कसे फेडू मले समजत नाही." भुपेंद्रने उष्टा हात नळाखाली धरला. "आता नका लपवू काकाजी. तुमी नाकाले लावली तवाच म्या समजलो, मेलो आता. म्या बाबाले सांगून राहिलो होतो, ते बाटली नका नेऊ, पण ते ऐकतेत काय. ते पहिली तं कवाच सपली. माह्यानंच. मंग बाबा म्हणाले अमेरिकेची बाटली कुठी आहे, तं हायवेवरून पव्वे आणून भरले त्याच्यात. अन पव्वेही कोणते तं तुमच्याच कारखान्याचे." त्याला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. "आपल्या हातची दारू माणूस ओळखणार नाही काय. पण तुमी साऱ्यांसमोर म्हटलं, अमेरिकेची आहे. जळलं लाकूड म्हटलं, काय काय म्हटलं. वरून इमानदार म्हटलं. ते मलेच म्हटलं, समजलो मी. इज्जत ठेवली तुमी माही." पाणी वाहत होतं. भुपेंद्रला वाटलं नळ बंद करायला हवा. "रोज घेता?" त्याने विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. मंगेशने खाली पाहिलं. "तुमच्यापासून काय लपते. रोजच म्हणा. संध्याकाळी हात कापतेत जी नाही घेतली तं. बाबाले माहीत नाही, आईले थोडं माहीत आहे. पण सोडतो काकाजी. लग्न झालं का सोडतोच. तुमी विश्वास टाकला ना आज, आता सोडीनच." त्याने उष्ट्याच हाताने भुपेंद्रचा हात धरला, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. मग तो चूळ भरून आत गेला.

भुपेंद्र पायरीवर बसला. नळ त्याने बंद केला होता की मंगेशने, ते आठवेना. नाक असतं तर सोफ्यावरच, पहिल्या वाक्यालाच कळलं असतं. नाक नसताना दुपारी नळावर कळलं. कळायचं ते कळलं तर खरं. पण ते ज्या रस्त्याने आलं होतं तो रस्ता कोणाला दाखवण्यासारखा नव्हता. उर्वशीला सांगायचं, पोरगा पितो. ती विचारणार, मग बाटलीची तारीफ कायले केली? आणि या एका प्रश्नाच्या मागे बाकी सगळं ओळीने उभं होतं. गोपीचंदच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठ दिवसांत गोष्ट लाखनीला पोहोचेल, भुपेंद्रला स्वतःच्या हातचा माल ओळखता आला नाही, त्याला अमेरिका म्हणून बसला. लोक हसतील. अंकुश हसणार नाही, तो मान खाली घालेल, त्याला कदाचित आधीपासून कळलेलं असेल. नोकरी जाईल. जाऊ दे, असं तो मनात म्हणाला, पाहू काय वाटतं, आणि काही वाटलं नाही. मग त्याने टीनाला मनात आणलं. संध्याकाळची वेळ, नागपूरचा फ्लॅट, कापणारा हात ग्लास शोधतो आहे, आणि टीना दारात उभी राहून बांगडी फिरवते आहे. तिथे मात्र त्याला भीती वाटली. थोडी, लांबून, पण स्वच्छ भीती. ती आली याचा त्याला जवळजवळ आनंद झाला. सांगायचं, असं त्याने ठरवलं. आधी नाकाचं सांगायचं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कोणाला समजणार नाही. आणि आधी टीनाला सांगायचं.

ती स्वतःच आली. दार हळूच उघडून बाहेर आली आणि त्याच्या बाजूला पायरीवर बसली, साडी गोळा करून. आतून भैयाजींचा आवाज येत होता, साक्षगंध कधी करायचं, अंगठ्या कुठून घ्यायच्या, हॉल कोणता घ्यायचा. "ते थांबले आहेत बाबा," टीना म्हणाली, "मामा म्हणून राहिले की आजच हो-नाही सांगून टाकू. सांगा ना. तुम्ही बाजूलेच बसले होते त्याच्या."

भुपेंद्रने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. दिवाळीपासून हे वाक्य त्याच्या आत होतं, आणि आता ते अगदी सोपं, तीन-चार शब्दांचं निघालं.

"टीना," तो म्हणाला, "मले वास येत नाही."

तिने श्वास सोडला, लांब, आणि तिचे खांदे खाली आले. मग तिने त्याचा हात हातात घेतला. "खरंच बाबा?"

"खरंच."

"थोडासाही नाही?"

"अजिबात नाही," भुपेंद्र म्हणाला. किती दिवसांनी कोणाला तरी सांगितलं होतं. टीनाचे डोळे भरले होते, तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला, आणि त्याला वाटलं, हिला समजलं. कसं, कधी विचारलं नाही, ओरडली नाही, हात धरला. एवढी मोठी कधी झाली ही? त्या सुन्न जागेत काहीतरी हललं, झिणझिण्या येतात तसं. तो पुढचं बोलायला शब्द जुळवू लागला. "अन आता ऐक," तो म्हणाला, पण ती उठली होती, साडी सावरत दारापर्यंत गेलीही होती. "थांबा बाबा, आईले सांगते आधी, तिचा जीव टांगणीले लागला आहे." आणि मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, दबलेला, हसऱ्या श्वासाचा. "आई, बाबा म्हणून राहिले वास येत नाही. अजिबात नाही म्हणतात. थोडासाही नाही."

"हे देवा," उर्वशी म्हणाली, "सुटलो बापा." आणि पेढ्यांच्या खोक्याची दोरी तुटल्याचा आवाज आला.

टीनाने काय ऐकलं ते भुपेंद्रला पायरीवर बसल्या बसल्या हळूहळू समजलं. आपण बोललो ते खरंच होतं, आणि त्यांनी ऐकलं तेही तेच शब्द होते. त्याला हसू आलं नाही. तो उठला. सांगायचं एक वाक्य अजून बाकी होतं, आणि त्याला नाकाची गरज नव्हती: मंगेश पितो. तो ते मनात म्हणत म्हणत स्वयंपाकघरातून गेला. उर्वशीने वाटेत त्याच्या दंडाला हात लावला, तिच्या चेहऱ्यावर असं समाधान त्याने किती दिवसांत पाहिलं नव्हतं. हॉलमध्ये सगळे उभे राहिले होते. भैयाजी दुपट्ट्याने डोळे पुसत होते. गोपीचंद म्हणत होता, "आमच्या भाऊजीचा ठप्पा लागला का विषय संपला," आणि टीना आईच्या मागे उभी होती, खाली पाहत, बांगडी फिरवायची थांबलेली. "ऐका," भुपेंद्र म्हणाला. "ऐका जरा," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. सगळे त्याच्याकडे वळले आणि प्रेमाने पाहू लागले, बापाला आता भरून येणार म्हणून. मंगेश पुढे आला. वाकून पाया पडला, उठला, खोक्यातला पेढा उचलला. आतापर्यंत काकाजी म्हणत होता, आता सासऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "मामाजी, तोंड गोड करा." भुपेंद्रने बोलायला तोंड उघडलं होतंच. पेढा आत गेला. मंगेशचा चेहरा इतका जवळ आला होता की त्याचा श्वास भुपेंद्रच्या ओठांवर, नाकावर, डोळ्यांवर लागला. श्वास गरम होता. एवढंच त्याला कळलं.